वरची मूठ

बाबांच्या पायाला सूज आली नसती तर माझ्या घरात वजनकाटा कधी आलाच नसता. वाटी, चमचा आणि डोळ्यांचा अंदाज एवढ्यावर माझा संसार बरा चालला होता. केक करायचे तोही घरातल्यांच्या वाढदिवसापुरता. फुगला तर फुगला, बसला तर बसला. हरभऱ्याच्या डाळीचा दाणा न् दाणा मोजणाऱ्या बायकांची मी मनातल्या मनात थट्टाच करत असे. ती मला चांगलीच भोवली.

बाबा खालापूर तालुक्यातल्या आमच्या गावी एकटे राहत होते. आई गेली, मला भाऊ नाही, आणि मी लग्न करून कर्जतला, भिसेगावात. भात झोडून झालं आणि त्यांना धाप लागायला लागली. चप्पल पायात जाईना. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, अंगात पाणी साठतंय, मीठ जवळजवळ बंद. मी त्यांना तशीच घरी घेऊन आले. ते आले, पण मनाविरुद्ध. लेकीच्या घरी दोन दिवस पाहुणा म्हणून जावं, बसून खाऊ नये, असं मानणारी ती पिढी. येताना स्वतःच्या शेतातल्या तांदळाचं पोतं टेम्पोत टाकून आणलं. त्यातले थोडे तांदूळ मी दळून आणले, तर पिठाचा डबा त्यांनी आपल्या खाटेखाली ठेवला. "माझी भाकर माझ्या पिठाची," म्हणाले. मी हसून सोडून दिलं.

भाकरी त्यांच्या पिठाची होती, पण मिठाविना ती त्यांच्या घशाखाली उतरेना. लोणचं बंद, पापड बंद, सुकट बंद. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सकाळच्या चहाबरोबरचा पाव बंद, कारण बेकरीच्या पावात मीठ असतं. हा माणूस जन्मभर पहाटे उठून नाक्यावर जाऊन गरम पाव आणत आलेला. पाव नाही म्हटल्यावर त्यांनी चहाच सोडला. मग नाश्ता सोडला. मग "भूक नाय गं," हे एकच वाक्य दिवसभर. पाय सुजलेले आणि डोळे मात्र खोबणीत गेलेले. डॉक्टरांना मी रडकुंडीला येऊन विचारलं, घरी पाव केला तर? ते म्हणाले, चालेल, पण मीठ मोजून. अंदाजाने नाही, मोजून. दिवसाचा वाटा त्यांनी मला ग्रॅममध्ये सांगितला आणि मी तिथेच ठरवलं, बाबांना पाव खायला घालीन तर नावाची मी.

माझं ऑफिस खालापूरला. जेवणाच्या सुट्टीत तिथल्या भांड्यांच्या दुकानातून पहिला काटा आणला. स्प्रिंगचा, वर प्लॅस्टिकचं ताट, पुढे घड्याळासारखी तबकडी आणि लाल सुई. घरी आणून त्यावर मीठ ठेवलं तर सुई ढिम्म हलेना. अजून ठेवलं, तरी नाही. टिचकी मारली तर एकदम उडी मारून पुढे गेली आणि तिथे रुसून बसली. दुसऱ्या दिवशी दुकानदाराला जाऊन सांगितलं तर तो म्हणतो, "ताई, पाच-दहा ग्रॅम इकडे-तिकडे काय फरक पडतो?" पाच-दहा ग्रॅम! बाबांचा दोन-तीन दिवसांचा वाटा त्या इकडे-तिकडेत बसत होता. त्याला हे समजावत बसले असते तर माझी बस चुकली असती. काटा त्याच्या गल्ल्यावर ठेवून आले.

दुसरा काटा मोबाइलवर मागवला. चपटा, काचेचा, आकडे दाखवणारा. आता तरी प्रश्न मिटेल असं वाटलं. पण आमच्या घरामागून रेल्वे जाते, आणि घाट चढायला मालगाडीला मागून जादा इंजिनं लावतात. ती जोर लावायला लागली की आमच्या ओट्यावरचे पेले किणकिणतात. याची आम्हाला इतकी सवय की ते ऐकूही येत नाहीत. काट्याला मात्र सगळं ऐकू यायचं. मैदा ठेवला की आकडा वर, खाली, वर. गाडी गेली म्हणावं तर पंखा. पंख्याचा वारा लागला तरी एक-दोन ग्रॅम इकडे-तिकडे. पंखा बंद करून, घामाघूम होऊन मी गाडी जायची वाट बघत उभी, आणि इकडे कोमट पाण्यात सोडलेलं यीस्ट उतू चाललेलं. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "रेल्वेला कळवू का, तुझं पीठ भिजेपर्यंत थांबा म्हणून?" त्याच्याकडे मी ज्या नजरेने पाहिलं त्यानंतर तो आठवडाभर स्वयंपाकघरात फिरकला नाही.

शेवटी तोडगा बाबांनीच काढला. "खाली बस गं बाय. मापायचं ते भुईवर," म्हणाले. त्यांची खाट पुढच्या खोलीत, रुळांपासून लांबच्या कोपऱ्यात होती. तिथे फरशीवर पाट मांडला, त्यावर काटा ठेवला आणि आकडा खरंच स्थिर झाला. तेव्हापासून पिठाचं पातेलं, मिठाची बरणी, यीस्टची पुडी, सगळा बाडबिस्तरा घेऊन मी बाबांच्या खाटेशी बसायला लागले. बाबाही खाली उतरून, भिंतीला टेकून बसायचे. त्यांना करमणूक झाली याचंच मला बरं वाटलं.

काटा मात्र त्यांना पसंत नव्हता. रिकामं पातेलं ठेवून शून्याचं बटण दाबायचं, मग मैदा घालायचा, पुन्हा बटण दाबून शून्य करायचं आणि गव्हाचं पीठ घालायचं, हे मी त्यांना समजावून सांगितलं. पातेल्यात मैद्याचा ढीग आणि समोर शून्य, हे पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "भरल्या भांड्याला रिकामं म्हणतंय हे?"

"रिकामं नाही म्हणत, बाबा. आता पुढचं मोजायला तयार आहे, एवढंच."

"आपल्यात एकालाबी एक म्हणत नाय," ते म्हणाले, "आन् हे शून्य म्हणतंय."

ते खरं होतं. खळ्यावर भात मोजताना बाबा अधोली भरायचे. अधोली म्हणजे भात मोजायचं आमच्याकडचं माप. पहिलं माप टाकताना ते 'एक' म्हणायचे नाहीत. 'लाभ' म्हणायचे. मग दोन, तीन. ते मोजत असताना मधे कोणी बोलायचं नाही, आणि सगळं मोजून झालं की वर एक मूठ टाकायची. ती मूठ मापात धरायची नाही. लहानपणी मी ते दर वर्षी पाहिलं होतं. पण खळ्यावरची गोष्ट खळ्यावर राहते, असं मला वाटलं होतं.

पाव काही केल्या जमेना. कृती मोबाइलवरची, ग्रॅमवर लिहिलेली. मी ग्रॅमभर इकडे-तिकडे होऊ देत नव्हते, तरी कधी पीठ घट्ट, कधी पाव जड, वरून सोनेरी आणि आत गोळा. कृतीतल्या फोटोत पाव कापसासारखा. माझा पाव दाराला टेकवला असता तर दार वाऱ्याने आपटलं नसतं, असं नवऱ्याचं म्हणणं. पिठाची कंपनी बदलली. यीस्ट बदललं. ओव्हनला शिव्या दिल्या. जी बाई कृतीच्या व्हिडिओत "बघा किती सोप्पं" म्हणून हसत होती, तिला तर मी रोज मनातून कर्जतच्या घाटात ढकलत होते.

एवढ्या सगळ्यात एकच गोष्ट चांगली होती. बाबा पाव खात होते. जड असो, गोळा असो, चहात बुडवून पुरता खात होते. आधी चवीला तोंड वाकडं करायचे, पण पुढे पुढे म्हणायला लागले, "आता लागतोय पाव." मी फुशारून जायचे. वाटायचं, जिभेला सवय झाली. माणूस मिठाविनाही रुळतो. ऑफिसात मी दोघींना हे व्याख्यान दिल्याचंही आठवतं.

आणि मग सूज परत आली.

घोट्यावर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. रात्री त्यांना उशा लावून बसवावं लागायला लागलं. डॉक्टरांनी पाय पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मीठ मोजताय ना?" त्या 'ना'मध्ये जो संशय होता त्याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी घामाने डबडबून, पंखा बंद करून, फरशीवर मांडी घालून मीठ मोजतेय, आणि हे विचारतात मोजताय ना! पण रागाच्या खाली भीती होती. माझ्या हातचं खाऊन माझा बाप सुजत होता.

मी काट्यावर संशय घेतला. साखरेची न फोडलेली पिशवी ठेवून पाहिली, तर वजन बरोबर. तेलाची पिशवी ठेवून पाहिली, बरोबर. तरी विश्वास बसेना, म्हणून तिसरा काटा मागवला, छोटा, सोनारांकडे असतो तसा बारीक वजनाचा. मिठापुरता तो वापरायला लागले. तरी सूज उतरेना. मग माणसांवर संशय. शेजारच्या काकू दुपारी बाबांशी गप्पा मारायला येतात, त्या पापड देत असतील. नवरा वेफर्स आणतो, तो देत असेल. काकूंना मी आडून आडून विचारलं तर त्या दोन दिवस आल्याच नाहीत. नवऱ्याला सरळच विचारलं. तो म्हणाला, "तुझ्या बाबांना मी मारीन असं वाटतं का तुला?" आम्ही त्या दिवशी जेवताना एकमेकांशी बोललो नाही.

एका रविवारी सकाळी मी बाबांशेजारी बसून मोजायला घेतलं. मैदा मोजून पातेलं बाजूला ठेवलं. छोट्या काट्यावर वाटीत मीठ घेतलं, आकडा जुळला. तेवढ्यात गॅसवरच्या कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले. आत गेले, पाण्याचं भांडं विसरले हे आठवून तशीच मागे वळले आणि दारातच थांबले.

बाबांनी मिठाच्या बरणीत बोटं घातली होती. चिमूट वाटीवर धरून ते एकेक कण सोडत होते, सावकाश, देवावर अक्षता टाकाव्यात तसे. आणि तो मेला काटा, सोनारासारखा काटा, गप्प होता. कण पडत होते आणि आकडा जागचा हलत नव्हता. इतकं हळू पडलेलं त्याला कळतच नव्हतं. चिमूट संपली. मग बाबांनी खाटेखालचा डबा पुढे ओढला, त्यातलं तांदळाचं पीठ मूठ भरून घेतलं आणि माझ्या मोजलेल्या मैद्यावर टाकलं. हात झटकले आणि भिंतीला टेकून बसले.

माझे सगळे जड पाव, बदललेली पिठं, ओव्हनला दिलेल्या शिव्या, काकूंचा रुसवा, सगळं त्या एका मुठीत होतं.

"बाबा!" मी इतक्या जोरात ओरडले की नवरा आतून धावत आला. "तुम्ही मीठ घालता? रोज?"

"नाय बा," बाबा म्हणाले. शांतपणे. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा तो नव्हता.

"मी आत्ता बघितलं! या डोळ्यांनी!"

"ते व्हय. ते वरचं. माप पुरं झालं की वर टाकायचं. वरचं मापात धरीत नाय." मग काट्याकडे बोट करून म्हणाले, "बघ की. यानंबी नाय धरलं."

नवरा हसायला लागला. मी त्याला बाहेर घालवला. मला हसू येत नव्हतं. मी बाबांना त्यांचा पाय दाखवला, बोट दाबून खड्डा दाखवला. म्हटलं, हे तुमचं वरचं इथे साठतंय. काटा धरत नाही, पण तुमचं अंग धरतंय. मी कामधंदा सोडून, जगाशी भांडून कणाकणाचा हिशोब ठेवते आणि तुम्ही वरून मुठी टाकता? कशासाठी? माझा एवढा जीव तुटतोय ते दिसत नाही तुम्हाला?

बाबांनी तो खड्डा आपल्या बोटाने चाचपला. मग म्हणाले, "लेकीच्या घरचं खातोय रोज. वर काय तरी माझं नको?"

"मीठ कुठे तुमचं होतं? बरणी तर माझी."

"हात तर माझा व्हता ना."

मी चिडून त्या पिठाचा पाव केलाच नाही, पातेलं झाकून ठेवून दिलं. संध्याकाळी बाबा म्हणाले, "मला घरी सोड. बरं वाटंल मला तिकडं." बरं वाटणार नव्हतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तिकडे कोण होतं उशा लावायला? पण त्यांनी चहाही घेतला नाही आणि भाकरीही खाल्ली नाही. पुन्हा तेच, "भूक नाय गं." जिथून सुरुवात केली होती तिथेच आम्ही परत येऊन बसलो होतो, फक्त घरात काटे जास्त झाले होते.

राग माझा जाईना. त्यांच्यावर, स्वतःवर आणि त्या रूढीवर. कोणी शिकवलं होतं माणसाला की लेकीच्या घरी ताठ मानेने खायचं तर वर मूठ टाकावी लागते? पण रागाने बाप जेवत नाही. सकाळी मी मिठाची बरणी घेऊन त्यांच्यासमोर बसले.

"बाबा, मीठ हातावर देऊ नये असं आईच सांगायची ना? का देऊ नये?"

"भांडान व्हतं."

"मग झालं ना आपलं भांडण?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी हसले. "झालं खरं," म्हणाले. "मिठाचं वर नाय टाकत. जा."

मग मी पाटावर काटा ठेवला, पातेलं ठेवलं आणि त्यांच्या खाटेखालचा डबा ओढून झाकण काढलं. म्हटलं, "आधी तुम्ही टाका." त्यांना कळेना. "वर नको. तळाला टाका. पहिल्यांदा तुमची मूठ, मग माझं पीठ." त्यांनी मूठ भरून रिकाम्या पातेल्यात टाकली. आकडा आला. मी बटण दाबलं आणि शून्य आलं. म्हटलं, "बघा, तुमचं मापात धरलेलं नाही. आणि भांडंही रिकामं नाही."

बाबांनी वाकून पातेल्यात पाहिलं. तळाला त्यांचं पांढरं पीठ होतं. समोर शून्य होतं. ते म्हणाले, "लाभ."

तेव्हापासून आमच्याकडे पाव असाच होतो. मी मैदा तेवढा कमी घेते, तरी तो कापसासारखा होत नाही आणि व्हिडिओतल्या बाईशी माझं भांडण चालूच आहे. काकू परत यायला लागल्या आहेत. सूज उतरली, पूर्ण नाही, पण चप्पल पायात जाते. बाबा पाव खातात आणि अळणी आहे म्हणून रोज कुरकुर करतात. ती कुरकुर ऐकून मी वैतागते, आणि ती ऐकू येतेय याचं बरंही वाटतं.

एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगितलेली नाही. बाबांनी मूठ टाकली की बटण दाबण्याआधी मी आकडा बघून घेते. आधी आधी ती मूठ चांगली भरगच्च असायची. खळ्यावरचा हात होता तो. काट्याला पंखा कळतो, घाट चढणारी गाडी कळते, मिठाचे कण कळत नाहीत. पण त्यांच्या हाताची पकड त्याला बरोबर कळते. मीठ मोजायला आणलेल्या वस्तूने हे मोजावं असं मी कधी मागितलं नव्हतं. मला त्या आकड्याचा राग येतो. तरी मी रोज बघते.

आज तो कालच्यापेक्षा कमी होता. बाबा बोटांना लागलेलं पीठ पातेल्याच्या काठावर पुसत होते, काहीही वाया जाऊ नये म्हणून. मी बटण दाबलं.

"लाभ," बाबा म्हणाले. "घाल आता तुझं."

मी मैदा ओतायला घेतला.